संचारबंदीतली काच

सीताराम येलवेचा धाकटा भाऊ जगदीश आकाशाचे फोटो काढायचा. परळ-लालबागेत हे खूळ असलेला तो एकटाच. चंद्राचे नव्हेत. चंद्राचा फोटो कोणीपण काढेल, असं सीताराम बोलायचा. जगदीश काढायचा ते जे डोळ्याला दिसतच नाही त्याचे. हे ऐकून समोरचा हसला की सीताराम त्याला जिन्यातच अडवायचा आणि पुरतं समजावल्याशिवाय खाली उतरू द्यायचा नाही.

"तारा फुटतो," तो सांगायचा. "माणूस मरतो तसा तारापण मरतो. पण गपचूप नाय, धडाम करून. मग त्याचा धूर पसरतो, हजारो वर्षं. तो धूर इतका फिका की जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींतूनपण दिसता दिसत नाय. तो माझा भाऊ ह्या गच्चीवरून पकडतो. बोल!"

समोरचा पाणी जाईल म्हणून बादली घेऊन निघून जायचा.

करी रोडच्या पुलाकडून आत वळलं की गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून चाळ होती. तिसऱ्या माळ्यावर येलव्यांची खोली. सीताराम त्याच गिरणीत रिंगखात्यात, सूत कातायला. तुटलेल्या धाग्याला सांधा मारायचा तर त्याच्यासारखा हात साऱ्या खात्यात नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, पण खोटं नव्हतं. खात्यावरचा मुकादम, जॉबर, तोपण कबूल करायचा. साच्यावर गेला असता तर दुप्पट कमावलं असतं. पण कापड विणायच्या खात्यात त्यांच्या जातीला घेत नव्हते. तिथे धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि बाकीचे म्हणायचे, ह्यांनी ओढलेला धागा आम्ही कसा तोंडात घ्यायचा? सीताराम हे कधी विसरला नाही. धाकट्याला त्याने गिरणीची पायरीच चढू दिली नाही. रात्रशाळेत घालून नववीपर्यंत शिकवला आणि गिरगावात एका ब्लॉक बनवायच्या शॉपमध्ये चिकटवून दिला. छापखान्यांना लागणारे चित्रांचे ब्लॉक तिथे बनायचे. मोठा कॅमेरा, काचेच्या निगेटिव्ह, ॲसिडची टाकी. जगदीश दोन वर्षांत कॅमेऱ्यावर गेला.

तिथेच त्याला हे वेड लागलं. आठल्ये सर म्हणून एक कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून रिटायर झालेले गृहस्थ होते. त्यांनी एका मासिकात ताऱ्यांवर लेख लिहिला होता आणि त्याचे ब्लॉक शॉपमध्ये आले होते. जगदीशने चित्र बघितलं आणि मालकाला बोलला, हे उलटं लागलंय, मृगाचा बाण ह्या बाजूला नसतो. मालकाला पटेना. सर स्वतः आले, बघितलं, आणि जगदीशला विचारलं, "तुला कसं कळलं?" जगदीश बोलला, "गच्चीवर झोपतो, सर."

त्या दिवसापासून जगदीश दर रविवारी सरांकडे जायला लागला. सीताराम पहिल्यांदा बरोबर गेला तो मुद्दाम बघायला, की पोराला बाहेर बाकड्यावर बसवतात का काय. सरांनी दोघांना आत खुर्च्या दिल्या. सरांच्या बायकोने तीन कप आणले, तिघेही एकाच जोडीतले. सीतारामने तिन्ही कप नीट पारखले, मगच चहा प्यायला. घरी येऊन राधाला, आपल्या बायकोला, बोलला, "माणूस चांगला आहे."

लेन्स चोरबाजारातली. लढाईत विमानातून जमिनीचे फोटो काढायला वापरलेली, नारळाएवढी, कडेला एक टवका उडालेला. खालचा सांगाडा सीतारामने गिरणीच्या भंगारातून जमवला आणि फिटरकडून जोडून घेतला. आकाश फिरतं, त्यामुळे फोटो काढायचा तर कॅमेरापण ताऱ्याबरोबर फिरत राहायला पाहिजे. ते काम घड्याळाने होतं, पण तसलं घड्याळ परवडायचं नाही. म्हणून बाजूला एक लहान दुर्बीण बांधली, तिच्यात कोळ्याच्या जाळ्याच्या दोन धाग्यांची फुली लावली, आणि एका लांब स्क्रूने सगळं हळूहळू हाताने फिरवायचं ठरलं. एक तारा त्या फुलीवर धरून ठेवायचा. दोन-दोन, तीन-तीन तास. केसाएवढा हललात की काच फुकट.

ते कोळ्याचे धागे सीतारामने लावले. जगदीशकडून चारदा तुटले होते.

"हात बघ," सीताराम बोलला. "असा हात सरकारी टांकसाळीत पण नसेल."

"हो दादा. पण आता श्वास सोड तिकडे तोंड करून."

डिसेंबरात वृषभ राशीच्या शिंगाच्या टोकाकडे जगदीशने लेन्सवर लाल फिल्टर लावून तीन तासांचा फोटो घेतला. काच धुतल्यावर एका कोपऱ्यात, ताऱ्यांच्या गर्दीत, एक पुसटशी कमान आली. आरशावर तोंडाची वाफ धरावी आणि ती उडून जाताना शेवटी जेवढी उरते, तेवढी. सरांनी भिंगाने अर्धा तास बघितली.

"असू शकेल," ते म्हणाले. "आणि नसूही शकेल. काचेवरच्या मसाल्यातला दोष असेल, तुझ्या अंगठ्याची वाफ असेल. एक काच म्हणजे पुरावा नव्हे, जगदीश. दुसरी घे. तीच जागा, तेच बारीक तारे, आणि त्यांच्यामध्ये तीच कमान आली, तर मी दोन्ही काचा दक्षिणेतल्या वेधशाळेत माझ्या पत्रासह पाठवतो. तुझ्या नावाने."

तुझ्या नावाने. सीताराम घरी येईपर्यंत हेच दोन शब्द चघळत होता. छापील कागदावर, साहेबलोकांच्या हातात, जगदीश बाबू येलवे. बाप ज्या गावात पाटलाच्या दारात वाकून उभा राहायचा, त्या गावाचं नावपण घाला म्हणावं खाली.

पण लाल रंग पकडणारी परदेशी काच शॉपमध्ये संपली होती. मालकाने दिलेल्या जुन्या बॉक्सात एक उरलेली. आणि पुढच्या अमावस्येच्या आसपास रोज संध्याकाळी गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर असा पसरायचा की ठळकातला ठळक तारापण दिसायचा नाही. शेवटची काच असल्या आकाशात घालवायची नाही, असं जगदीशने ठरवलं. तो बॉक्स डोक्याशी घेऊन झोपायचा.

जानेवारीत रेडिओवर आलं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हातात राहणार. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. लालबाग, परळ, दादर सगळं रस्त्यावर आलं. दगड, टायर, लाठ्या, मग गोळ्या. रस्त्यातले दिवे पोरांनी फोडले. करफ्यू लागला. चाळीतल्या लोकांनी खिडक्या लावून आतल्या बत्त्या विझवल्या, कारण उजेड दिसला की कोणावर काय येईल सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी जगदीश गच्चीवर जाऊन आला आणि दारात नुसता उभा राहिला.

"दादा, चिमण्या थंड आहेत. एकातूनपण धूर नाय. खाली एक दिवा नाय. मी असं आकाश गावालापण बघितलं नाय."

राधा बोलली, "वर लोखंडाची नळी घेऊन उभे राहाल तर तोफ समजून गोळी घालतील. गप बसा घरात."

"कठड्याच्या आत बसू, वैनी. नळी सरळ डोक्यावर असते. खालून दिसणार नाय."

सीतारामला काय विचारायचं? त्याने कांबळं उचललं पण होतं.

चंद्राची कोर बुडाल्यावर, साडेनऊला, जगदीशने काचेवरचं झाकण काढलं. सीताराम उताणा पडून लहान दुर्बिणीला डोळा लावून स्क्रूवर. जगदीश घड्याळ आणि लेन्सवरचं दव बघायला. दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. पहिला तास बरा गेला. लांब कुठेतरी दादरकडे गलका होत होता, मध्येच गाडीचा आवाज, मग पुन्हा शांत. इतकं शांत की शेजारच्या चाळीतलं मूल खोकलं तरी ऐकू यायचं.

अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी दोन बार झाले. आणि एक माणूस ओरडला. शब्द नव्हते, नुसती ओरड.

तेव्हा स्क्रूवर जगदीश होता. त्याचा हात थांबला.

"दादा, कोणाला तरी लागलं. आपल्याच गल्लीत."

"स्क्रू फिरव."

"आपण खाली जाऊ या. चार माणसं उठवू, आत तरी ओढून घेऊ."

"आणि तुला लागली म्हणजे? सरक, मला दे." सीतारामने त्याला बाजूला करून डोळा लावला. तारा फुलीवरून किंचित घसरला होता, त्याने परत आणला. "खाली बघायला दुनिया आहे. हे बघायला दुसरं कोण नाय. ही काच गेली तर परत मिळायची नाय."

जगदीश कठड्याशी गेला आणि कान देऊन बसला. खालून थोडा वेळ कण्हण्यासारखं काहीतरी येत होतं. मग ते बंद झालं, का गाडीच्या आवाजात बुडालं, कळलं नाही. साडेबाराला त्याने झाकण लावलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. सीतारामचे नव्हते. आपल्या हाताचा त्याला त्या घटकेलापण अभिमान वाटला.

सकाळी कळलं, तो गणपत होता. चाळीतलाच, दोन खोल्या सोडून राहणारा, सीतारामच्याच गिरणीत कांड्या भरायच्या खात्यातला. बहिणीकडे पलीकडच्या गल्लीत अडकला होता, घरी बायको-पोरं एकटी म्हणून अंधारात भिंतीच्या कडेकडेने येत होता. दिवस उजाडेपर्यंत तसाच गल्लीच्या तोंडाशी पडून होता. कोण बोलायचं लगेच गेला. कोण बोलायचं, नाय, बराच वेळ पाणी मागत होता. त्याची बायको कमळाबाई कोणालाच विचारत नव्हती. ती दाराला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर धाकटी पोर झोपली होती.

काच जगदीशने तीन दिवस धुतलीच नाही. शेवटी सीतारामनेच मोरीच्या दाराला घोंगडी लावली, फटींत फडकी कोंबली, आणि राधाचं पितळी ताट काढून दिलं.

"माझ्या जेवायच्या ताटात औषध घालताय?" राधा बोलली.

"तुझ्या ताटाचं नाव होईल एक दिवस."

जगदीश अंधारात आकडे मोजत होता. बाहेर आला तेव्हा काच दोन बोटांनी कडेने धरलेली. खिडकीशी नेली. तारे हजारोंनी, काळ्या रंगाचे बारीक-बारीक ठिपके, कारण निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. आणि त्यांच्यामध्ये, तिथेच, तीच कमान. पहिल्या काचेपेक्षा जरा लांब, जरा स्पष्ट. पण तरीही वाफच. जगदीशने कागदावर आजूबाजूचे एकशे बारा बारीक तारे दोन्ही काचांवरून मोजून लिहून काढले. जमले. तो हसला नाही. काच काळ्या कागदात गुंडाळून बॉक्सात ठेवताना एवढंच बोलला, "ह्यात ते तीन तास आहेत, दादा. सगळेच्या सगळे."

शॉप उघडल्यावर त्याला तुंबलेल्या कामामुळे दोन-दोन पाळ्या लागल्या. सरांकडे पंधरा दिवसांनी, रविवारी जायचं ठरलं. तेवढे दिवस सीतारामच्या पोटात काही राहीना.

एका सकाळी नळावर दोघं-तिघं त्याची मस्करी करायला लागले. "काय रे सीताराम, तुझ्या भावाने मेलेला तारा पकडला म्हणतात. फाशी कधी देणार?" आणि सीताराम पेटला. गॅलरीच्या कठड्याला टेकून मोठ्या आवाजात सांगायला लागला, की दोन काचा आहेत, दोन्हींवर आहे, वेधशाळेत जाणार आहे. "असली अंधारी रात्र मुंबईला मागच्या पन्नास वर्षांत झाली नसेल! धूर नाय, दिवा नाय. करफ्यू लागला हे माझ्या भावाचं नशीबच समजा!"

बोलून गेला आणि मग त्याला दिसलं, की नळावरचे सगळे त्याच्या मागे बघतायत. कमळाबाई हंडा घेऊन उभी होती.

तिने हंडा खाली ठेवला. "दाखवा, भावजी."

"काय?"

"माझा नवरा खाली पडला होता तेव्हा तुम्ही दोघं वर काय बघत होता, ते दाखवा."

काय करणार? त्याने बॉक्स आणला. जानेवारीची काच काढून तिच्या हातात दिली आणि कडेने धर म्हणून सांगितलं. तिने ती उन्हाकडे धरली. बराच वेळ बघितली, वर-खाली केली. सीताराम बोट दाखवत होता, "हे इथे... असं वळतंय... नीट बघ, वैनी."

"ह्यात काय नाय," कमळाबाई बोलली. काच परत दिली, हंडा उचलला आणि नळाला लावला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सीतारामला बरं वाटलं असतं. त्याने काच आणखी दोघांना दाखवली. एक बोलला, बुरशी आहे. दुसरा बोलला, "असेल बाबा, तू बोलतोस तर असेल." त्या दिवशी गिरणीत त्याच्या हातून सहा धागे सुटले.

संध्याकाळी तो दोन्ही काचा घेऊन लालबागच्या नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत गेला. तिथे दत्ताराम म्हणून रिटचर होता. लग्नाचे, मयताचे, स्थळाला दाखवायच्या मुलीचे, सगळ्यांचे फोटो तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुधारायचा. देवीचे व्रण काढायचा, ओठ भरायचा, मेलेल्या माणसाचे डोळे उघडून द्यायचा. सीतारामच्या लग्नाच्या फोटोतला राधाच्या पदरावरचा हळदीचा डाग त्यानेच काढला होता. फोटो म्हटला की रिटच आलाच. त्यात लपवायचं काय असतं? आंघोळ करून बाहेर पडायचं तसंच ते.

दत्तारामने काच दिव्यासमोर धरली. "हे काय आहे रे? भिंतीचा फोटो काढला की काय?"

"आकाश आहे. ही कमान बघ. दिसते?"

"हं. पुसट आहे."

"आहे ना पण?"

"आहे, आहे. कमानच आहे."

"मग तेवढी जरा उठवून दे. नवीन काय काढू नको. आहे तीच, जरा उठाव. कोणी पण बघितलं तर दिसली पाहिजे."

"दोन्हीवर?"

"दोन्हीवर सारखी."

दुसऱ्या दिवशी काचा मिळाल्या. कमान आता अशी स्पष्ट होती, की रस्त्याच्या पलीकडून दिसावी. सुंदर वळण, कडेला हलकी सावली. सीतारामची छाती फुगली. दत्ताराम खुशीत होता. "कचरा पण खूप होता रे तिच्या आजूबाजूला. बारीक काळे ठिपके. सगळे चाकूने खरवडून काढले. मैत्रीत केलं, त्याचे वेगळे देऊ नकोस."

सीतारामच्या डोक्यात काही आलं नाही. गच्च भरलेल्या काचेत कमानीभोवतीची जागा आता स्वच्छ झाली होती, एवढंच त्याला दिसलं. तो थेट कमळाबाईच्या दाराशी गेला. तिने बघितलं.

"आता आहे," ती बोलली. मग, "मग त्या दिवशी का नव्हतं?"

"तू नीट बघितलं नव्हतंस."

रविवारी दोघे भाऊ धुतलेले कपडे घालून गिरगावात गेले. बॉक्स सीतारामने धरला होता. जगदीशला काही सांगितलं नव्हतं. त्याचं तोंड बघायचं होतं.

सरांच्या टेबलावर दुधी काच बसवलेली पेटी होती, आत बल्ब. जगदीशने काळा कागद सोडला आणि जानेवारीची काच तिच्यावर ठेवली. ठेवता ठेवताच त्याचा हात थबकला. सीताराम त्याच्याकडे हसून बघत होता. जगदीशने दुसरी काच काढली, ती पण ठेवली.  सर भिंग घेऊन वाकले.

 आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"हे ग्रॅफाइट आहे," सर म्हणाले. "पेन्सिल. वरून वॉर्निश." भिंग सरकवलं. "आणि हे काय? इथला मसालाच नाही. खरवडलाय. इथले तारे कुठे गेले?" मग दुसऱ्या काचेवर. "इथेही." त्यांनी भिंग ठेवलं, चष्मा काढला. "जगदीश, हा हात कुणाचा?"

सीतारामला तेव्हा कळलं. सगळं नाही, पण आपण काहीतरी मोठं बिघडवलं एवढं कळलं. बोल, त्याने स्वतःला सांगितलं. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरसमोर टेबलावर हात आपटणारा माणूस तो. बोल, मी केलं म्हणून. पण समोर त्या खुर्च्या होत्या, तेच कप होते, आणि त्याला एकदम वाटलं, की आता हे म्हणतील, ही माणसं अशीच. तो त्या कपांकडेच बघत राहिला. मिनिट गेलं.

जगदीशने भावाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझा, सर," तो बोलला.

"तू? कशासाठी?"

"दिसावं म्हणून."

 दोन्ही काचा सरांनी स्वतः कागदात गुंडाळल्या, बॉक्सात ठेवल्या आणि बॉक्स जगदीशच्या हातात दिला. "पत्र मी लिहू शकणार नाही," ते म्हणाले. "तुला समजतंय." चहा आला होता तो तसाच राहिला.

गिरगावातून लालबागपर्यंत दोघे चालत आले. भायखळ्याच्या पुलावर जगदीश पहिल्यांदा बोलला.

"ठिपके काढलेत ना दादा, ते तारे होते. एकाला पण नाव नव्हतं. म्हणून मोजून ठेवले होते मी. त्यांच्यावरून कळतं कमान कुठे आहे ते."

"मला वाटलं..."

"माहीत आहे."

"दत्तारामला परत पुसायला सांगू? वॉर्निश निघतं म्हणतो तो."

"खरवडलेलं कसं भरणार?"

 सीतारामला वाटत होतं, ह्याने शिव्या द्याव्या, हात उगारावा. थोरल्यावर हात उगारला तरी आपण उलट बोलणार नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. जगदीश घरी आला, हातपाय धुतले, वैनीने वाढलं तेवढं जेवला.

आठवड्याने सीताराम खाडा करून एकटाच सरांकडे गेला. दारातच उभा राहिला, आत बोलावलं तरी गेला नाही.

"साहेब, ते मी केलं. भावाला माहीत पण नव्हतं. मी स्टुडिओत नेलं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," सर म्हणाले. "जगदीश रोज हेच काम करतो. त्याने केलं असतं तर मला पत्ता लागला नसता. आणि त्याने तारे खरवडले नसते."

"मग तुम्ही बोलला का नाय?"

"तो तुमच्यासाठी बोलला होता. मी कोण मोडणार?"

सीतारामने दाराची चौकट धरली. "मग आता पत्र लिहा ना, साहेब. त्याचा गुन्हा नाय ना ह्यात? माझं नाव घाला. ह्या गाढवाने केलं म्हणून लिहा. पण ते तिथे आहे, ते खरं आहे, मी ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

"मी पण पहिल्या काचेवर बघितलं होतं," सर हळू बोलले. "पण वेधशाळेला मी काय पाठवू? तुमचे डोळे की माझे? काचेवर जे आहे तेवढंच पाठवता येतं, सीताराम. काचेवर आता पेन्सिल आहे. तिसरी काच घ्यायला सांगा त्याला."

तिसरी काच. सीताराम घरी येऊन गच्चीवर गेला. संप मिटून गिरण्या सुरू झाल्या होत्या, बंद राहिलेलं भरून काढायला तिन्ही पाळ्या चालू. चिमण्यांचा धूर थेट डोक्यावरून जात होता. रस्त्याचे दिवे नवीन लागले होते, आधीपेक्षा मोठे. वर पाच-सहा तारे होते.

त्याने सरांचा निरोप सांगितला. जगदीश बोलला, "बघू." पुढच्या हिवाळ्यात शॉपमध्ये परदेशी काचांचा बॉक्स आला, मालकाने स्वतःहून दोन काचा देऊ केल्या. त्याने घेतल्या नाहीत. नळी गच्चीच्या पत्र्याखाली होती, ती राधाने गोणपाट बांधून ठेवली.

कमळाबाईला मात्र सीतारामने सांगितलं. नळावर नाही, तिच्या दारात जाऊन. हे त्या हिवाळ्याच्या आधीचं, उन्हाळ्याचे दिवस होते. ती गणपतचा फोटो पुसत होती. धाकटीच्या हातून पडून त्याची काच तडकली होती.

"वैनी, ती कमान पेन्सिलची होती. मी काढून घेतली. तुला खोटं दाखवलं. आधी जे होतं, तुला दिसलं नाय ते, ते खरं होतं. ते मी घालवलं."

तिने त्याच्याकडे बघितलं. "आणि त्या राती? ओरडलेलं ऐकलंत ना तुम्ही वर?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "ऐकलं. जगदीश उतरत होता. मी नाय उतरू दिला."

कमळाबाईने तडकलेली काच चौकटीतून काढून कागदावर ठेवली, एक-एक तुकडा. "जावा आता," ती बोलली.

रात्री त्याने हे सगळं जगदीशला सांगितलं. लपवून ठेवायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. जगदीशने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो शॉपमधून कॉस्टिक सोडा घेऊन आला. मोरीत गरम पाणी केलं. शॉपमध्ये जुन्या निगेटिव्हचा मसाला असाच सोड्याने काढतात आणि काच परत वापरतात; रोजचं काम ते. त्याने जानेवारीची काच पाण्यात सोडली. सीताराम दारात उभा होता. मसाला सुटून आला, पातळ सायीसारखा. त्याच्याबरोबर पेन्सिलची कमान आणि उरलेले तारे मोरीच्या भोकातून गेले. काच कोरी करकरीत निघाली. जगदीशने ती फडक्याने पुसली आणि कमळाबाईकडे घेऊन गेला. फोटो त्याच मापाचा होता.

तिने विचारलं नाही कुठली. बसवून दिली ती घेतली.

गणपतच्या वर्षश्राद्धाला चाळ तिच्या खोलीत जमली. कोणीतरी फोटोजवळ वाकून बघितलं. "काच झकास आहे गो, कमळे. एक बुडबुडा नाय. बाजारात असली मिळत नाय. कोणी आणली?"

कमळाबाई चहाचे कप भरत राहिली. लोक सीतारामकडे वळले. असल्या गोष्टींची माहिती त्याच्याकडे असायची आणि सांगायला त्याला वेळही लागायचा नाही. सीताराम हातातला कप बघत होता.

"जगदीशने," तो बोलला. आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.